टेअर-ऑफ घेतल्यात का? मातीच्या ट्रॅकवर जाण्यापूर्वीची तयारी

आयोवातल्या मातीच्या ट्रॅकवर, स्पोर्ट कॉम्पॅक्ट वर्गात, म्हणजे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या चार सिलिंडरच्या जुन्या छोट्या गाड्यांच्या वर्गात, पहिल्यांदा उतरणाऱ्यांनी निघण्याच्या आदल्या रात्री हे वाचावे. गेल्या मोसमात हेल्मेटच्या काचेवर एकावर एक लावायच्या आणि मळली तशी वरची ओढून काढायच्या पातळ पारदर्शक पट्ट्या, ज्यांना सगळे टेअर-ऑफ म्हणतात, मी घरी ओट्यावर विसरून गेलो होतो.

१९१५ साली स्थापन झालेल्या आयएमसीए (इंटरनॅशनल मोटर कॉन्टेस्ट असोसिएशन) या शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या संघटनेची नियमावली दरवर्षी नवी निघते, म्हणून मित्राकडची जुनी प्रत न वापरता चालू वर्षाची वाचावी. खर्च आटोक्यात राहावा हाच तिचा रोख आहे. काही वर्गांत तर ठरलेल्या किमतीला प्रतिस्पर्ध्याचे इंजिन मागून घेता येत असल्यामुळे महागडे इंजिन बसवणे आतबट्ट्याचेच ठरत आले आहे. मात्र नियम साधे असले की माणूस गाफील राहतो. सुरक्षापट्टे, खिडकीची जाळी, अग्निरोधक पोशाख यांत काही कमी असेल तर तपासनीस सांगतीलच. हेल्मेट स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए, म्हणजे मोटार शर्यतींसाठीच्या, मानकाचे हवे. मोटारसायकलचे आणू नये, कारण त्या मानकात आगीची चाचणी नसते. टेअर-ऑफ आहेत का, हे मात्र तुम्हांला कोणीही विचारणार नाही.

गाडीच्या सगळ्या काचा काढलेल्या असतात आणि समोर फक्त गज व जाळी असते. ट्रॅकवर भरपूर पाणी मारलेले असल्यामुळे सुरुवातीच्या हीटमध्ये, म्हणजे छोट्या प्राथमिक शर्यतीत, पुढच्या गाडीच्या चाकांखालची चिकणमाती थेट तोंडावर येते, आणि हातमोज्याने पुसायला जावे तर ती हेल्मेटच्या काचेवर सारवल्यासारखी पसरते. मी दोन फेऱ्या भिंतीचा नुसता अंदाज घेत काढल्या आणि मग निमूटपणे आत वळलो. टायरचे पैसे वाचवायला आठवडाभर हिशेब केला होता आणि गाडी थांबली ती या क्षुल्लक पट्टीपायी!

पट्ट्या घरीच लावाव्यात, कारण पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करतात त्या जागेत, धूळ त्यांच्यामध्ये अडकते. प्रत्येकीचे टोक किंचित दुमडावे, नाहीतर जाड हातमोज्याच्या बोटांना ते सापडत नाही, आणि एका वेळी एकच निघते ना, हे हातमोजा घालूनच ओढून पाहावे. जोडीला एक पाकीट हेल्मेटच्या पिशवीत ठेवावे. गाडीत नव्हे, टूलबॉक्समध्येही नव्हे, हेल्मेटच्याच पिशवीत.

अधिकाऱ्यांच्या सूचना ऐकवणाऱ्या एकतर्फी रेडिओत नवे सेल घालावेत आणि फेऱ्या मोजणारा ट्रान्सपाँडर चार्ज करावा. डावीकडेच वळायचे असल्याने उजव्या बाजूच्या टायरांवर भार येतो, तेव्हा त्यांची हवा आधी पाहावी. हवा मोजायचे यंत्र स्वतःचे न्यावे, उसने मागू नये.

हीट संपल्यावर चाकांच्या आतला चिखल खरवडावा, कारण तो राहिला की गाडी थरथरते. रेडिएटरसमोरची जाळी झाडावी आणि नट पुन्हा आवळावेत. फीचरपर्यंत, म्हणजे मुख्य शर्यतीपर्यंत, ट्रॅक सुकून गुळगुळीत होतो, तेव्हा पाय हलका ठेवावा.

घरी आल्यावर गाडी त्याच रात्री धुवावी. हेल्मेटची काच कोरड्या फडक्याने पुसू नये, पाण्याखाली धरावी, आणि ती वाळली की लगेच नव्या पट्ट्या लावून टाकाव्यात.