मावशीकडे राहून अमेरिकेतलं हायस्कूल

“तिकडे शाळा फुकट असते ना? मग राहू दे की तिला तुझ्याकडे चार वर्षं.” अमेरिकेत राहणाऱ्यांना नात्यातून हा फोन कधी ना कधी येतोच. मला नाशिकहून ताईचा आला, भाची नववीत असताना. ती आता न्यू जर्सीत माझ्याकडे राहून बारावी करतेय, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, खासगी शाळेत. मधल्या काळात ओळखीतल्या इतक्या जणांनी विचारलं, की म्हटलं एकदाच लिहून टाकावं. मी वकील नाही, आणि व्हिसाचे नियम हल्ली भराभर बदलतात, तेव्हा अर्ज करताना सरकारी साइटवर पुन्हा बघून घ्या.

आधी त्या ‘फुकट’चं बघू. माझा मुलगा घराजवळच्या पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत जातो, एक पैसा फी नाही. एच-४ किंवा एल-२ या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावर आईवडिलांबरोबर आलेली मुलंही तशीच जातात. पण मावशीकडे, काकाकडे राहायला आलेल्या भाचीला किंवा पुतण्याला हे दार उघडं नाही. १९९६ मध्ये झालेल्या कायद्यानुसार एफ-१ वरच्या मुलाला आठवीपर्यंतच्या पब्लिक स्कूलमध्ये शिकताच येत नाही. नववी ते बारावीत शिकता येतं, पण सगळे मिळून जास्तीत जास्त १२ महिने, आणि त्या काळासाठी स्कूल डिस्ट्रिक्टला (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाला) एका मुलामागे जो खर्च येतो तो पूर्ण भरावा लागतो. ‘मी इथे प्रॉपर्टी टॅक्स भरते’ हे सांगून उपयोग नाही, डिस्ट्रिक्टच्या मनात आलं तरी त्यांना हे पैसे माफ करता येत नाहीत. न्यू जर्सीत हा आकडा सहज २० हजार डॉलरच्या पुढे जातो. शिवाय कित्येक डिस्ट्रिक्ट आय-२० (व्हिसासाठी लागणारा शाळेचा प्रवेशाचा फॉर्म) देण्याच्या भानगडीतच पडत नाहीत, आणि आय-२० नाही तर व्हिसाचा अर्जच नाही.

इथेच लोक फसतात. शाळा मुलाचा व्हिसा विचारत नाही. सुप्रीम कोर्टाच्या १९८२ च्या प्लायलर निकालानंतर पब्लिक स्कूलं इमिग्रेशनच्या चौकशीत पडत नाहीत. पत्त्याचा पुरावा, लसींचा कागद, पालकत्वाचं काहीतरी दाखवलं की नाव लागतं. मग कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, “आमच्या साडूंचा मुलगा गेला की!” पुण्यातल्या एका एजंटानेही ताईला हेच सुचवलं होतं: टूरिस्ट व्हिसावर आणा, बाकीचं नंतर बघू. टूरिस्ट व्हिसावर शाळेत नाव घालणं नियमात बसत नाही. आणि एफ-१ वर येऊन पब्लिक स्कूलचा हा नियम मोडला, तर सलग पाच वर्षं अमेरिकेबाहेर काढल्याशिवाय परत प्रवेश नाही. म्हणजे शाळेचे पैसे वाचवायला जाऊन पोरीचं कॉलेजही हातचं जायचं.

दुसरी सूचना दत्तकाची. ही घरातली वडीलधारी माणसं फार सहज करतात. “कागदावर घे गं दत्तक, मनाने आमचीच राहील.” दत्तक मुलासाठी ग्रीन कार्डचा अर्ज करायचा तर साधारणपणे वयाच्या सोळाव्या वर्षाआधी दत्तक झालेलं असावं लागतं, आणि दोन वर्षं ताबा आणि एकत्र राहणं दाखवावं लागतं. त्यातून भारत आणि अमेरिका दोन्ही हेग दत्तक कराराचे सदस्य, त्यामुळे सगळं ‘कारा’ या भारतातल्या केंद्रीय दत्तक संस्थेमार्फत रीतसर व्हावं लागतं. आईवडील धडधाकट असताना केवळ शाळेसाठी हा घाट घालणं मला तर अघोरीच वाटतं. नुसती गार्डियनशिप (मुलीसाठी निर्णय घ्यायचा अधिकार) घेतली तर तिने व्हिसा मिळत नाही, तिचा उपयोग वेगळा आहे, पुढे सांगते. भावंडासाठीची ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी इतकी लांब आहे की शाळेच्या दृष्टीने तिचा विचारच करू नये.

राहिला सरळ रस्ता: खासगी शाळा. तिथे १२ महिन्यांची मर्यादा नाही. मात्र शाळेला परदेशी विद्यार्थी घ्यायची ‘एसईव्हीपी’ मान्यता हवी. ‘स्टडी इन द स्टेट्स’ या सरकारी साइटवर राज्य आणि गाव टाकून मान्य शाळांची यादी काढता येते. आमच्या भागात अशा बऱ्याच शाळा कॅथलिक निघाल्या. वर्षाची फी साधारण १५ ते २५ हजार डॉलर, वर परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळी रक्कम. बोर्डिंग स्कूल म्हणाल तर ६० हजारांच्या पुढचंच बोला. कॅथलिक शाळेत धर्माचा तास सगळ्यांना असतो. आमच्या आईने यावर जरा भुवया उंचावल्या, पण भाचीला तोच विषय आवडला, कारण त्यात वाद घालता येतो.

मावशी म्हणून माझ्या हातात दोनच गोष्टी होत्या, पैसा आणि घर. व्हिसा नात्यावर मिळत नाही, तो मुलीचा स्वतःचा. आय-२० वर एका बाजूला वर्षाचा खर्च आणि दुसऱ्या बाजूला तो कुठून येणार हे छापलेलं असतं, आणि दोन्ही बाजू जुळाव्या लागतात. आम्ही ठरवलं की फी ताई-भाऊजी भरतील आणि राहणं-जेवण माझ्याकडे. शाळेला त्यांचं बँकेचं पत्र, भाऊजींच्या दवाखान्याची आयकर विवरणपत्रं, आणि माझं लेखी पत्र दिलं: मुलगी माझ्या घरी राहील, तिच्याकडून भाडं घेणार नाही, सोबत माझ्या नोकरीचं पत्र आणि टॅक्स रिटर्न. आय-१३४ हा खर्चाची हमी देणारा फॉर्म पुष्कळ जण भरून देतात. एफ-१ साठी तो सक्तीचा नाही. सगळा खर्च मीच केला असता तरी नियमात बसलं असतं. पण पोरीचे आईवडील भारतात कमावते आहेत आणि तिच्या शिक्षणाचा भार तेच उचलतायत, हे व्हिसा अधिकाऱ्यापुढे जास्त पटण्यासारखं आहे. आणि घरातही बरं पडतं. चार वर्षांची फी एकट्या मावशीने भरली की पुढची चाळीस वर्षं कुणी ना कुणी ते बोलून दाखवतं.

पैसे भारतातून येतात ते एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली. दरवर्षी माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती आपल्याला पुरून उरते. वर्षाला १० लाख रुपयांपलीकडे पाठवलं की बँक टीसीएस हा आगाऊ कर कापते, तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात, म्हणून हिशेबात धरा. इथून तुम्ही फी भरणार असाल तर थेट शाळेच्या खात्यात भरा. शाळेला थेट दिलेल्या ट्यूशनवर गिफ्ट टॅक्सचा प्रश्न येत नाही. मुलीच्या किंवा ताईच्या हातात दिलेत तर वार्षिक मर्यादेचं गणित सुरू होतं.

व्हिसाची पायरी. शाळेकडून आय-२० आला की त्यावर मुलीबरोबर पालकाचीही सही लागते, कारण ती १८ च्या आतली. मग सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर फी, डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म, १८५ डॉलरची अर्जाची फी, बोटांचे ठसे, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. उत्तरं मुलीने द्यायची असतात. भाचीला विचारलं ते अगदी साधं होतं: हीच शाळा का, फी कोण भरणार, राहणार कुठे, पुढे काय. तिला जीवशास्त्र आणि कॉम्प्युटरबरोबर चित्रकला पण हवी होती आणि अकरावी-बारावीची दोन वर्षं कोचिंग क्लासमध्ये घालवायची नव्हती, तेच तिने सांगितलं. पाठ करून घेतलेली उत्तरं त्या काचेमागच्या माणसाला लगेच कळतात. हल्ली एक भर पडली आहे: जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना सोशल मीडिया खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. पंधरा वर्षांच्या मुलीचं इन्स्टाग्राम अर्जाच्या आधी आईबरोबर बसून बघायला हवं, मावशीबरोबर नको.

पासपोर्टकडे कुणाचं लक्ष जात नाही. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा असतो, म्हणजे नेमका हायस्कूलच्या मध्यात संपतो. पंधरा पूर्ण झाल्यावर नवा काढताना १० वर्षांचा मागता येतो. तो निघण्याआधीच काढून घ्या. शाळा सुरू होण्याच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर अमेरिकेत उतरता येत नाही, तेव्हा ‘मे महिन्यातच येऊ दे, उन्हाळा मजेत जाईल’ हा बेत आवरा.

आता ती गार्डियनशिपची गोष्ट. इथे डॉक्टर अल्पवयीन मुलावर पालकाच्या संमतीशिवाय साधा दातही उपटायला धजत नाहीत. ताई-भाऊजींनी स्टॅम्प पेपरवर नोटरीपुढे मला वैद्यकीय आणि शाळेचे निर्णय घ्यायचा अधिकार दिला आणि त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र, करून घेतलं. शाळेचा स्वतःचा फॉर्मही असतो. आपल्या नोकरीच्या हेल्थ इन्शुरन्समध्ये भाची सहसा बसत नाही, तिचा वेगळा काढावा लागतो, आणि त्यात चष्मा-दात धरलेत का ते बघा. दाताला तार लावायची असेल तर ती नाशिकलाच लावून घ्या, ही माझी अगदी मनापासूनची सूचना.

लसींचं कार्ड मराठी शाळेतलं, शाईने भरलेलं, डॉक्टरांच्या अक्षरात. ते टाइप करून, शिक्का मारून आणा. भाचीच्या वेळी शाळेची नर्स टीबीच्या तपासणीवर अडली. हातावर सुई टोचून बघतात ती चाचणी भारतातल्या मुलांची बऱ्याचदा पॉझिटिव्ह येते, कारण लहानपणी बीसीजी टोचलेली असते. नर्सने फुगलेला लाल गोळा पट्टीने मोजला, वहीत मिलिमीटर लिहिले आणि छातीचा एक्स-रे लिहून दिला. पोरगी घाबरली, तिकडे आजी त्याहून घाबरली. टोचण्याऐवजी रक्ताची आयजीआरए चाचणी मागायची, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. आम्ही ती करून घेतली, निगेटिव्ह आली, विषय संपला.

कोणत्या इयत्तेत घालायचं यावर आमच्याकडे बरीच खडाजंगी झाली. एसएससी झालेली मुलगी वयाने अकरावीत बसते. पण इथली अकरावी म्हणजे एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा), एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय), अमेरिकेचा इतिहास असं सगळं एकदम, आणि ऑगस्टमध्ये कॉलेजचे अर्ज उघडतातच. आम्ही दहावी परत करवली. भाऊजींना ‘वर्ष वाया’ वाटलं, मला नाही. इतिहासाच्या पहिल्या निबंधात तिने पुस्तकातलं सगळं नीट उतरवून दिलं, तर शिक्षकांनी समासात लिहिलं, तुझं म्हणणं काय आहे? ती तो कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसून राहिली. सारांश लिहिण्यात पटाईत असलेल्या मुलीला स्वतःचं म्हणणं मांडायला अख्खं एक सत्र लागलं. ते सत्र दहावीत गेलं हे बरं, अकरावीच्या धबडग्यात गेलं असतं तर जास्त महाग पडलं असतं.

घरातलं थोडं. नवऱ्याशी आधी बोला, ‘हो’ म्हणून टाकल्यावर नाही. मुलीला स्वतःची खोली देता आली तर उत्तम. फोन किती वाजता बंद, मैत्रिणीकडे रात्री राहायला जायचं का, हे ताईने ठरवायचं की मी, यावर आम्ही दोघी बहिणी एकदा चांगल्याच भांडलो आणि मग ठरलं: रोजचं माझं, मोठं त्यांचं. रविवारी सकाळी नाशिकला व्हिडिओ कॉल असतो, त्या वेळी मी मुद्दाम किराणा आणायला बाहेर पडते. तिलाही माझ्याबद्दल तक्रार करायला जागा हवीच की. आणखी एक: तिच्या वर्गातली मुलं सोळाव्या वर्षी आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी धरतात, हिला कॅम्पसबाहेर कमावता येत नाही. हे आधी सांगा, नाहीतर वाईट वाटतं. सुट्टीत भारतात जाताना आय-२० वर शाळेची प्रवासाची सही ताजी आहे का पाहा, ती वर्षभर चालते. सलग पाच महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर ती आय-२० कामाची राहत नाही.

आणि कॉलेज. इथे हायस्कूल केलं म्हणजे कॉलेजची फी इथल्या मुलांसारखी, असं भारतात ठामपणे मानलं जातं. एफ-१ वरची मुलगी कॉलेजसाठीही परदेशीच. सरकारी मदत नाही, आणि स्टेट युनिव्हर्सिटीतही साधारणपणे वरची फी. हायस्कूलनंतर ओपीटी (शिक्षणानंतर काही काळ काम करायची परवानगी) वगैरेही नसतं. सोय एवढीच की व्हिसा चालू असेल तर सेव्हिसची नोंद कॉलेजकडे वळवून घेता येते आणि मुंबईला परत रांगेत उभं राहावं लागत नाही. म्हणून हिशेब हायस्कूलच्या दोन-चार वर्षांचा करू नका, कॉलेज संपेपर्यंतचा करा. तो झेपत नसेल तर बारावी भारतात करून यावं, असं मी विचारणाऱ्या दहातल्या आठ जणांना सांगते. ताईचा झेपत होता, आणि मुलीला स्वतःला यायचं होतं.

टॅक्सचं सांगून थांबते, कारण एप्रिलमध्ये हमखास फोन येतात. भाची तुमच्या घरी राहते, तुमच्या ताटात जेवते, तरी तुमच्या टॅक्स रिटर्नमध्ये तिला डिपेंडंट (तुमच्यावर अवलंबून असलेली) दाखवता येत नाही. एफ-१ विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं टॅक्सच्या दृष्टीने अनिवासी धरले जातात. तिचं उत्पन्न शून्य असलं तरी तिच्या नावाने ८८४३ हा छोटा फॉर्म दरवर्षी १५ जूनपर्यंत पोस्टाने पाठवायचा. सही तिची, पाकिटावर तिकीट तुमचं.