सोयाबीन पेरणीआधीची तयारी: घरचं बियाणं आणि काळी जमीन

सुरुवात बियाण्यापासून करा, तीही मे महिन्यातच. पाऊस लागला की उगवण तपासायला सवड मिळत नाही. चाळणी मारून फुटके, सुरकुतलेले, डागी दाणे काढा. पोती जपून हलवा. सोयाबीनचं साल पातळ आणि अंकुर त्याच्या अगदी लगत असतो, त्यामुळे पोतं ट्रॉलीतून आपटलं की दाणा वरून साबूत दिसतो आणि मातीत कुजतो.

मग गोणपाटाची चाचणी. वेगवेगळ्या पोत्यांतून सरसकट १०० दाणे घ्या, निवडून नको. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सात दिवसांनी उलगडून निरोगी, सरळ मोडाचेच दाणे मोजा; नुसते फुगलेले धरू नका. ७० भरले तर एकरी ३० किलो, ६५ ला साडेबत्तीस, ६० ला ३५. त्याखाली आलं तर ते पेरूच नका, दुसरं बियाणं बघा.

खतं आधीच आणून ठेवा: एकरी तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट, २६ किलो युरिया, २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) सोपं वाटतं, पण त्यात सुपर फॉस्फेटसारखं गंधक नाही आणि तेलबियांना ते लागतंच. युरिया बियाण्यात मिसळू नका, मोड जळतो.

बीजप्रक्रियेचा क्रम चुकवू नका. आधी बुरशीनाशक (कार्बोक्सिन अधिक थायरम, किलोला ३ ग्रॅम), मग कीटकनाशक, आणि पेरणीच्या अगदी आधी रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी धरायला लावणारं जिवाणू खत), १० किलोला २५० ग्रॅम. पाणी हात राखून वापरा. जास्त झालं तर दाणा फुगून साल सुटतं. चोळू नका, सावलीत सुकवा.

आता जमीन. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात पहिलं पाणी भेगांत उतरतं. वर चिखल, खाली कोरडं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरही चार ठिकाणी फावड्यानं खणून ओल वीतभर गेली का बघा, आणि वापसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर पण चिकटत नाही अशी झाल्यावरच, तिफण घाला. दोन ओळींत अंतर ४५ सेंटिमीटर, खोली ३ ते ४. त्याहून खोल गेलं आणि वर पपडी धरली तर कोंबाची मान मोडते. पाणी साचणाऱ्या रानात रुंद वरंबा सरी यंत्रच लावा, दर चार ओळींनंतर सरी पडते.