मीटरवर शून्य, तरी प्रवाळ मिटलेले : रीफ टँकच्या पाण्यातल्या या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी श्रावणात एका सकाळी आमच्या रीफ टँकमधल्या, म्हणजे प्रवाळ आणि मासे ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या पेटीतल्या, तिन्ही टर्बो गोगलगायी वाळूवर उलट्या पडलेल्या दिसल्या. झोअँथिड (फुलासारखे उघडणारे प्रवाळ) आदल्या दिवसापासूनच मिटून बसले होते. मासे मात्र मजेत फिरत होते, नेहमीसारखे खात होते. अमोनिया तपासला, शून्य. नायट्रेट ठीक. खारटपणा १.०२६ (विशिष्ट गुरुत्व). टॉप-अपच्या, म्हणजे वाफ होऊन उडालेल्या पाण्याची भर घालायच्या ड्रममध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले पदार्थ) मीटर बुडवला, तिथेही शून्य. पाणी चांगलं आहे असं समजून मी त्याच ड्रममधल्या पाण्यात मीठ कालवलं आणि टँकचं वीस टक्के पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी झीनियाही (एक मऊ प्रवाळ) आक्रसली.

चूक सापडली ती आईमुळे. ती बाल्कनीत तुळशीला पाणी घालायला आली होती आणि ड्रमचं झाकण उघडं होतं. आत डोकावून म्हणाली, "अरे, हे पितळ बघ कसं हिरवं पडलंय. यातलं पाणी कळकलं असणार."

ड्रम भरला की पाणी आपोआप बंद व्हावं म्हणून त्यात बॉल कॉक होता. प्लॅस्टिकचा जुना तुटला, तेव्हा प्लंबरने टिकेल म्हणून पितळेचा बसवला आणि मी तो चालवून घेतला. बरोबर पंधरा दिवस झाले होते. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवू नये, हे आपल्याकडे घराघरात माहीत असतं. ड्रममधलं आरओ-डीआयचं पाणी (आधी आरओच्या मेम्ब्रेन नावाच्या बारीक पडद्यातून आणि मग उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनच्या मण्यांतून गाळलेलं) त्या ताकासारखंच वागतं हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या पाण्यात क्षार नसतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते किंचित आम्ल होतं, आणि ती आम्लता सावरून धरायला त्यात काहीच नसतं. असं पाणी पितळेला लागलं की तांबं आणि जस्त हळूहळू पाण्यात उतरतं.

मीटरच्या शून्याला शुद्ध समजणं

मग मीटरवर शून्य कसं आलं? हातातला टीडीएस मीटर पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता मोजतो आणि तिच्यावरून विरघळलेल्या पदार्थांचा पीपीएममध्ये (लिटरमागे मिलिग्रॅम) अंदाज सांगतो. तो एकेक पीपीएमनेच पुढे सरकतो. अर्ध्या पीपीएमच्या आतलं काहीही त्याला शून्यच. आता हे बघा : माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की वेगळ्या क्वारंटाइन टँकमध्ये तांब्याचं औषध देतात, आणि त्याची नेहमीची मात्रा असते ०.१५ ते ०.२० पीपीएम. मासे ती सोसतात. प्रवाळ, गोगलगायी आणि कोळंब्या सोसत नाहीत. म्हणजे गोगलगायींना मारणारी मात्रा पाण्यात असतानाही मीटर शून्य दाखवू शकतो. मासे ठणठणीत आणि गोगलगायी उलट्या, हे चित्र दिसलं की पहिला संशय तांब्यावर घ्या आणि तांब्याचं वेगळं टेस्ट किट वापरा.

ड्रमपासून टँकपर्यंत पाण्याला लागणारी प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहा. निप्पल, व्हॉल्व्ह, पाइपचा क्लॅम्प, पंपाचा स्क्रू, सगळं. क्रोमचा मुलामा दिलेला नळही आतून पितळेचाच असतो. पाणी साठवायला खाण्याच्या दर्जाच्या प्लॅस्टिकचा नवा ड्रम घ्या. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या जुन्या निळ्या पिंपात आधी कुठलं रसायन होतं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी

"घरी आरओ आहेच की, मग वेगळं यंत्र कशाला?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पिण्याचा प्युरिफायर माणसांसाठी बनवलेला असतो. पाण्याला चव यावी म्हणून मेम्ब्रेननंतर त्यात पुन्हा काहीतरी घातलं जातं. टीडीएस कंट्रोलर असेल तर थोडं कच्चं पाणी परत मिसळलं जातं, मिनरल कार्ट्रिज असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियम. आणि हल्ली आवडीने घेतला जाणारा 'कॉपर' प्युरिफायर तर पाण्यात मुद्दाम तांबं सोडतो. आजी तांब्याच्या कळशीतलं पाणी प्यायची ते तिला मानवत असेल, प्रवाळाला ते विषच. मुंबईच्या पालिकेच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून बऱ्याच घरांत नुसता यूव्हीचा प्युरिफायर असतो. तो जंतू मारतो, विरघळलेल्या पदार्थांना हातही लावत नाही. वीस लिटरच्या जारचंही तेच : आत काय मिसळलंय ते आपल्याला कळत नाही.

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही नको. उन्हाळ्यात बादल्या भरतात आणि मीटरवर आकडाही छान येतो. पण ते पाणी जमतं तांब्याच्या नळ्यांवर आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांवर, धूळ आणि बुरशीसकट.

"आपलं पाणी गोडं आहे, चालतं"

भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी खरंच मृदू आहे. माझ्या नळाला मीटर ६० ते ८० दाखवतो. त्यामुळे क्लोरीन मारायचं औषध घालून नळाचंच पाणी वापरणारे बरेच जण भेटतात. कुणी पुढे असंही म्हणतं की हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर गढूळ पाण्यातही प्रवाळ होते, कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये तिथून हलवले, मग घरच्या प्रवाळाचेच एवढे लाड कशाला?

कारण तिथलं पाणी भरती-ओहोटीने रोज बदलतं आणि आपल्या काचेच्या पेटीतून फक्त वाफ बाहेर जाते. २०० लिटरच्या टँकमधून पंख्याखाली दिवसाला तीन लिटर पाणी उडतं असं धरा. त्या जागी ८० पीपीएमचं पाणी घातलं तर रोज २४० मिलिग्रॅम पदार्थ आत जातात आणि आतच राहतात. वर्षाला सुमारे ८८ ग्रॅम. त्यातल्या कॅल्शियमचा त्रास नाही. सिलिकेट, फॉस्फेट, नायट्रेट आणि इमारतीच्या जुन्या पाइपातून आलेला धातू, त्रास यांचा. आणि उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला की त्या दिवशी आपलं पाणी 'गोडं' राहत नाही. टँकरच्या बोअरवेलच्या पाण्यावर माझ्या मीटरने ४०० च्या वर आकडा दाखवलेला आहे. रोज नळाचा आकडा घ्यायची सवय असेल तरच हे कळतं.

समुद्र जवळ आहे म्हणून जुहू किंवा मार्वेचं पाणी कॅनमध्ये भरून आणू नका. किनाऱ्याशी सांडपाणी मिसळतं, आणि पावसाळ्यात तर पाण्याचा खारटपणाही कमी झालेला असतो.

क्लोरीन आणि टाकी धुण्याचा दिवस

मेम्ब्रेनला क्लोरीन सोसत नाही, त्याने ती कायमची खराब होते. तिला वाचवतो तो आधीचा कार्बन ब्लॉक (कोळशाचा फिल्टर). पावसाळ्यात गढूळपणा वाढला की सेडिमेंट (गाळ अडवणारा) फिल्टर काही आठवड्यांत चहाच्या रंगाचा होतो. पाकिटावर सहा महिने लिहिलेले असोत, रंग बदलला आणि दाब उतरला की तो बदला. गच्चीवरच्या टाकीची सफाई हा आणखी वेगळा धोका. ब्लीचिंग पावडरने धुतलेल्या टाकीतून पहिले एक-दोन दिवस क्लोरीन एरवीपेक्षा कितीतरी जास्त येऊ शकतो. नोटीस बोर्डावर तारीख लागली की त्याआधीच ५० लिटर पाणी बनवून ठेवा आणि सफाईनंतर दोन दिवस यंत्र बंद ठेवा.

कार्बन काम करतोय का, हे तपासायला गावातले आरोग्यसेवक करतात तीच ओटी टेस्ट (क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या थेंबांची) पुरते. मात्र थेंब टाका ते यंत्राच्या वाया जाणाऱ्या पाण्यात. ते पाणी कार्बनमधून आलेलं असतं आणि मेम्ब्रेनच्या अलीकडूनच बाहेर पडलेलं असतं. पिवळी झाक आली तर कार्बन संपला.

आकडा एकाच ठिकाणी घेणं

नळ, मेम्ब्रेननंतर आणि डीआयनंतर, अशा तीन ठिकाणी मोजा. नळाला ८० असेल तर मेम्ब्रेननंतर २ किंवा ३ यायला हवेत. ८ आले तर मेम्ब्रेनला दोष देण्याआधी दाब पाहा. मेम्ब्रेनला साधारण ५० ते ६० पीएसआय दाब लागतो. आपल्याकडे पाणी येतं गच्चीवरच्या टाकीतून, आणि दहा मीटर उंचीमागे मिळतात जेमतेम १४ पीएसआय. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना टाकी डोक्यावर असूनही चार-पाचच मिळतात. तिथे बूस्टर पंप हवाच. दाब ठीक असेल तर मग ओ-रिंग (मेम्ब्रेनचं रबरी सील) नीट बसली आहे का ते बघा, मेम्ब्रेन शेवटी.

यंत्र सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांचं पाणी नेहमीच वाईट असतं, कारण बंद असताना क्षार मेम्ब्रेनमधून पलीकडे झिरपतात. ते बादलीत सोडा, डीआयकडे जाऊ देऊ नका. रोज दोन-दोन लिटर बनवणाऱ्यांचं रेझिन लवकर का संपतं, याचं उत्तर इथेच आहे. एकदम मोठा साठा करा.

रेझिनबाबत कंजूषी नको. ते संपत आलं की सिलिका सगळ्यात आधी निसटते, आणि तिला जवळजवळ विद्युतभार नसल्याने मीटरला ती दिसतच नाही. मीटरवर शून्य, पण काचेवर पुसून पुसून परत येणारी तपकिरी साय, हा तिचा माग. पूर्ण संपलेलं रेझिन तर आधी धरून ठेवलेलं नायट्रेट वगैरेही सोडून देतं. रंग बदलणारं रेझिन घ्या, आणि मूळ रंगाची शेवटची दोन बोटं उरली की बदला.

वाया जाणारं पाणी पाहून जीव तुटतो, मलाही. पण ती नळी चिमटू नका, मेम्ब्रेनवर क्षार साचतात. आमच्याकडे त्या पाण्याने लादी पुसली जाते.

झाकण

डेंग्यूच्या दिवसांत पालिकेची माणसं ड्रम तपासायला येतात, तेव्हा झाकण हवंच. त्याहून महत्त्वाची ती धूरफवारणी. ती कीटकनाशकाची असते, आणि कोळंबी-खेकडे हे कीटकांचेच भाऊबंद. आवाज ऐकू आला की खिडक्या लावा, ड्रम झाका, हवेचा पंप थोडा वेळ बंद करा.

बिघडलंच तर

आधी टॉप-अप थांबवा. संशय असलेल्या पाण्याने पाणी बदलू नका, माझी सगळ्यात महागात पडलेली चूक तीच. खात्रीचं पाणी दुसरीकडून आणा. तांबं निघालं तर ते शोषणारा फिल्टर आणि ताजा कार्बन लावा, आणि किट स्वच्छ दाखवेपर्यंत थोडं-थोडं पाणी बदलत राहा. मीठ नेहमी पाण्यात घाला, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर कॅल्शियमचा पांढरा साका बसतो.

मी बॉल कॉक काढला, ड्रमही बदलला. झोअँथिड सतराव्या दिवशी उघडले, आधी कडेचे दोन आणि मग बाकीचे. झीनिया गेली.