ऑडी टीटी क्वाट्रो परवडते का? अ‍ॅव्हरेज सोडा, किलोमीटरमागे किती जातात ते काढा

सिग्नलला उभा राहिलो की शेजारचा रिक्षावाला हमखास विचारतो, दादा, किती देते? मी म्हणतो नऊ. नऊच?? माझी सीएनजीवर पस्तीस देते, असं म्हणून हसत हसत पुढं सटकतो. त्याचं बरोबरच आहे म्हणा. पण ही गाडी वापरताना मला कळलं ते असं की पेट्रोलवर रडण्यात काही अर्थ नाही, खिसा कापणारे खर्च वेगळेच असतात. जुनी टीटी घ्यायचं डोक्यात असेल तर हिशोब कसा मांडायचा ते सांगतो. नवी तर आता मिळणारच नाही, २०२३ ला टीटी बनायचीच बंद झाली. भारतात २०१५ ला आली ती २ लिटर टर्बो पेट्रोल, २३० हॉर्सपॉवर, ६ गिअरचा ऑटोमॅटिक आणि क्वाट्रो, म्हणजे ताकद चारही चाकांना द्यायची ऑडीची सोय, मी तिच्याचबद्दल बोलतोय.

आधी खरं अ‍ॅव्हरेज काढा. स्क्रीनवर दिसतं ते जरा गोडगोड असतं, त्याच्यावर जाऊ नका. टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्य करायचा, मनासारखी गाडी चालवायची आणि परत त्याच पंपावर फुल करायची. नोझल पहिल्यांदा कट झाला की बास. पंपावरचा पोरगा "राउंड फिगर करू का साहेब" म्हणत अजून दोन-तीनदा दाबतो, त्याला तिथंच नाही म्हणा, नाहीतर हिशोब तिथंच झोपला. माझी मागची नोंद ३४७ किलोमीटर आणि ३८.६ लिटर, म्हणजे नऊला जेमतेम टेकली, आणि हे सगळं कोथरूड ते हिंजवडी गर्दीतलं. एका टाकीवर विश्वास नको, तीन टाक्यांची सरासरी घ्या. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर हीच गाडी १३ देते, पण सपाट रस्त्याला १०० आणि घाटात ६० ची लिमिट पाळली तरच, ओव्हरटेकच्या नादाला लागलात की ११ वर येते.

क्वाट्रोमुळं अ‍ॅव्हरेज पडतं का, तर हो, थोडं पडतं. टीटीत इंजिन आडवं बसवलंय आणि ताकद मुख्यतः पुढच्या चाकांना जाते, मागच्या चाकांना लागेल तशी हॅल्डेक्स नावाचा क्लच देतो. पण मागं जाणारा लांब शाफ्ट, मागचा डिफरन्शियल, त्यांचं वजन हे सगळं २४ तास बरोबर असतंच की. गर्दीत ड्राइव्ह सिलेक्टमधला (गाडी कशी चालावी ते निवडायचं बटण) पेट्रोल वाचवणारा एफिशिअन्सी मोड टाका, त्यात पाय उचलला की गिअर सुटतो आणि गाडी नुसती घरंगळते, मला त्याचा फायदा वाटतो. घाट उतरताना मात्र तो मोड काढून ठेवा, तिथं इंजिनाचा ब्रेक हवाच.

पेट्रोलचं म्हणाल तर हिला ९५ ऑक्टेन लागतं, म्हणजे साध्यापेक्षा लिटरला सात-आठ रुपये जास्त, मी ११२ धरून चालतो. आणि ९५ घेतलं म्हणून पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल टळतं असं समजू नका. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळं जुन्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज ई२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलवर, ६-७ टक्के पडेल असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलंय. बिनइथेनॉलचं हवं तर १०० ऑक्टेनवालं आहे, पण त्याचा भाव ऐकूनच टाकीचं झाकण आपोआप बंद होतं. मी त्या भानगडीत पडत नाही, फक्त गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणतो.

आता टायर, इथं मी स्वतः शेण खाल्लंय. पहिल्या वर्षी पुढचे दोन झिजले, मागचे बरे दिसत होते, म्हटलं दोनच टाकू, पैसे वाचतील, गाडी काय ट्रकसारखी चालवायची नाहीये. नवीन टायरचा घेर मोठा आणि झिजलेल्याचा छोटा, त्यामुळं पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरतात आणि त्या बिचाऱ्या हॅल्डेक्सला वाटतं चाकं घसरतायत. तो सारखा काम करत राहतो आणि तापतो. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी अडखळल्यासारखी व्हायला लागली तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली, आणि महिन्याभरात उरलेले दोनही घ्यावेच लागले. तेव्हा चार टायर हा एकच खर्च धरा. ८-१० हजार किलोमीटरला पुढचे मागं, मागचे पुढं करा, टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर त्याच बाजूला ठेवून. चारशे-पाचशे रुपयांचा नक्षी मोजायचा गेज मिळतो तो घेऊन ठेवा, चारही चाकांत फरक २ मिलिमीटरच्या आत राहू दे. हवा सकाळी गाडी थंड असतानाच बघा.

दुसरा चोरखिसा म्हणजे तेलं. इंजिन ऑइल सगळेच बदलतात, पण हॅल्डेक्सचं तेल वेगळं असतं हे बऱ्याच गॅरेजवाल्यांना माहीतच नसतं. लिटरभरही लागत नाही पण दर तीन वर्षांनी बदलायचं, आणि माहीतगार माणूस असेल तर पंपाची जाळीपण काढून साफ करून घ्या, क्लचची झीज तिथं अडकते. मी एका गॅरेजमध्ये विचारलं तर तो म्हणाला "लाइफटाइम असतं ते", मी गाडी वळवली आणि निघालो. गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर ६० हजार किलोमीटरला, पाच लिटरच्या वर लागतं, आणि ते चुकवू नका, कारण क्लच त्याच तेलात बुडालेले असतात. इंजिनाला टायमिंग चेन आहे, त्यामुळं बेल्टचा खर्च नाही, तेवढंच समाधान.

इन्शुरन्सला १५०० सीसीच्या वरच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ताच ७,८९७ रुपये, वर ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा हप्ता, आणि जीएसटी. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, माणसाचा असतो, गाडीचा नाही, आधीच्या मालकाचे ५० टक्के तुम्हाला मिळणार नाहीत, तुमच्या जुन्या गाडीचे मात्र इकडं आणता येतात. रोडसाइड असिस्टन्स घ्याल तेव्हा फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, आहे का ते विचारा, पुढची दोन चाकं उचलून ओढत न्यायची ही गाडी नाही.

आता बेरीज. माझं वर्षाचं रनिंग ६,००० किलोमीटर, सरासरी ९.५, म्हणजे पेट्रोल साधारण ७१ हजार. इन्शुरन्स ५५, सर्व्हिस ४५, टायरचा सेट ७२ हजाराचा आणि ३० हजार किलोमीटर चालतो म्हणून वर्षाला १४ धरा, ती दोन तेलं आणि किरकोळ मिळून १२ बाजूला. झाले १ लाख ९७ हजार, किलोमीटरमागे जवळपास ३३ रुपये, आणि त्यात पेट्रोलचे फक्त १२! तेच वर्षाला १२ हजार किलोमीटर चालवली तर साडेतेवीसवर येते, कारण इन्शुरन्स आणि वर्षाची सर्व्हिस तेवढीच राहते. म्हणजे जपून जपून कव्हरखाली ठेवली तर जास्त महाग पडते. गाडीची किंमत घटते ती यात धरलेली नाही, ती धरली तर झोप उडेल.

बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडायच्या आधी चारही टायरचा मेक आणि नक्षी बघा, मग फाइल मागा. त्यात हॅल्डेक्सच्या आणि गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल नसेल तर दोन्ही कामं आणि चार टायर एवढे पैसे किमतीतून वजा करूनच बोलायला सुरुवात करा, विकणारा "गाडी एकदम मक्खन आहे" म्हणत राहील, म्हणू दे.