जुन्या मसल कारची धुलाई आणि वॅक्स : या चुका टाळा

दर वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या उपनगरांत वुडवर्ड अव्हेन्यूवर ‘ड्रीम क्रूझ’ भरते. १९९५ पासूनचा हा शिरस्ता आहे. फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅकपर्यंत दिवसभर जुन्या गाड्यांची रांग हलत असते आणि मिशिगनच्या वाहन उद्योगातली मराठी मंडळीही रस्त्याकडेला खुर्च्या टाकून ती बघत बसतात. त्याआधीच्या आठवड्यांत गॅरेजांतून बादल्या, फडकी आणि पॉलिशच्या बाटल्या बाहेर येतात. मसल कारचा, म्हणजे १९६०-७० च्या दशकांतल्या ताकदवान इंजिनाच्या अमेरिकी गाडीचा, पन्नास-साठ वर्षं टिकलेला रंग एका दुपारीत जाऊ शकतो, तो याच घाईत.

बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. आजच्या गाडीची सवय जुन्या गाडीवर वापरली जाते. १९८० च्या दशकापासून रंगावर पारदर्शक क्लिअर कोट देण्याची पद्धत रुळली. आपण घासतो तो क्लिअर कोट, रंग त्याच्याखाली सुरक्षित राहतो. १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ, १९६८ ची डॉज चार्जर, १९७० ची शेव्हेल या गाड्या कारखान्यातून आल्या तेव्हा त्यांच्यावर असं काही नव्हतं. वर दिसतो तोच रंग आणि त्याच्याखाली थेट प्रायमर, म्हणजे अस्तराचा थर. याला सिंगल स्टेज म्हणतात. जनरल मोटर्स तेव्हा अ‍ॅक्रिलिक लॅकर वापरायची, फोर्ड आणि क्रायस्लर इनॅमल. लॅकर वयानुसार ठिसूळ होतं, त्याला बारीक भेगा पडतात. इनॅमल त्यामानाने चिवट, पण ऊन खाऊन तेही विटतं आणि पांढरट भुकटी धरतं. म्हणजे पॉलिशच्या प्रत्येक हाताबरोबर कारखान्याचा मूळ रंगच थोडा थोडा निघून येत असतो, आणि तो परत मिळत नाही.

रंग न ओळखताच पॉलिश उचलणं

बॉनेटच्या मधोमध प्रयोग करू नका. डिकीच्या झाकणाची आतली बाजू किंवा दाराची खालची कड निवडा. पांढऱ्या फडक्यावर सौम्य पॉलिशचा थेंब घेऊन हलकेच घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर सिंगल स्टेज. काहीच उतरलं नाही तर गाडी मागे कधीतरी क्लिअर कोटसह पुन्हा रंगवलेली आहे, असं धरायला हरकत नाही. गाडी पांढरी असेल तर काळं फडकं घ्या, नाहीतर काही कळणार नाही. लाल गाडीचं फडकं लालभडक झालेलं पाहून अनेकजण घाबरून काम थांबवतात. तो बिघाड नव्हे, सिंगल स्टेजचा तो स्वभावच आहे. मात्र किती लाल होतंय यावर लक्ष हवं.

थर मोजायचं छोटं यंत्र उसनं मिळालं तरी आणा. सगळीकडे शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास आकडा येत असेल तर रंग बहुधा मूळचा. एखाद्या पत्र्यावर तो अचानक कित्येक पटींनी चढला तर तिथे पुट्टी भरलेली आहे. आकडा फारच कमी आला, तर तिथे पॉलिश नकोच, फक्त वॅक्स. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची असल्याने चुंबकीय यंत्र तिथे चालत नाही.

धुण्यातल्या चुका

भांड्यांचा साबण तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो. तो आधीचं वॅक्स उतरवतो आणि आधीच सुकलेला रंग अजून कोरडा पाडतो. गाडीसाठीचा सौम्य शाम्पू घ्या. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची, एक हातमोजा खळबळून घ्यायला साध्या पाण्याची. एकाच बादलीत काम केलं तर चाकांजवळची रेती बॉनेटवर जाते. वरून खाली या, चाकं सगळ्यात शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं.

खरा धोका प्रेशर वॉशरचा. या गाड्यांची रबरं जुनी झालेली असतात आणि पाणी जिथे जाऊ नये तिथे जातं. १९६५ ते ६८ च्या मस्टँगची दुखरी जागा म्हणजे पुढच्या काचेखालची हवेची जाळी. तिच्या आतला पत्रा गंजला की पाणी थेट पायाखालच्या कार्पेटवर टपकतं, फरशीचा पत्रा आतून कुजत राहतो आणि वर काहीच दिसत नाही. व्हिनाइलचं छत असलेल्या गाड्यांत मागच्या काचेभोवती पाणी मुरतं. व्हिनाइलवरून बोट फिरवल्यावर फुगीर, खरखरीत लागलं तर खाली गंज धरलेला आहे. साधा पाइप, कमी जोर, आणि धुतल्यावर जाळी, दारांच्या फटी, पट्ट्यांच्या कडा ब्लोअरने सुकवा. मग दारांच्या तळाची पाणी निघायची भोकं मोकळी आहेत का पाहा.

पॉलिश : इथेच सर्वात जास्त नुकसान होतं

कोरडा, विटलेला रंग पाहून लोक थेट जाड कटिंग कंपाउंड (रंग खरवडणारं खरखरीत पॉलिश) आणि रोटरी (एकाच अक्षावर जोरात फिरणारं) मशीन घेतात. माझं ठाम मत आहे की सुकलेल्या सिंगल स्टेजला आधी तेल पाजावं. मेग्वायर्सचं नंबर ७ ग्लेझ, म्हणजे रंगाला तेल देणारं सौम्य पॉलिश, यासाठीच जाणकारांत प्रिय आहे. मऊ फडक्याने भरपूर लावायचं, हळूहळू चोळायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी पुसायचं. गरज वाटली तर पुन्हा. वरची मेलेली भुकटी फडक्यावर येते आणि खालचा रंग गडद होतो. बऱ्याचदा इतक्यावरच काम भागतं, मशीन बाहेर काढायची वेळच येत नाही.

मशीन लागलंच तर ड्युअल अ‍ॅक्शन (पॅड फिरता फिरता हलतोही, म्हणून सौम्य) घ्या, मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश. कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो, कारण ओला रंग तिथून ओघळून बाजूला होतो. चार्जरच्या दारांवरचे खोलगट कंगोरे, कॅमॅरोच्या चाकांच्या कमानींवरच्या धारदार रेषा यांवर मशीन फिरवलं की प्रायमर उघडा पडलाच. तिथे हातानेच काम करा. कडांना टेप लावणार असाल तर कमी चिकटणारा लावा. भेगाळलेल्या लॅकरवरून चिवट टेप रंगासकट निघतो.

मेटॅलिक रंगाचं प्रकरण अधिक नाजूक. सिंगल स्टेजमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे कण त्याच थरात असतात. जास्त घासलं की ते उघडे पडून काळवंडतात, चमक डागाडागांची होते आणि पॅड करडा होतो. मूळ मेटॅलिक रंगाला ग्लेझ आणि वॅक्सच्या पुढे नेऊ नये.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोक सांगतात. त्या काळच्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत शिशाची संयुगं वापरली जात. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नका. ओलं काम करा, मास्क लावा, फडकी घरच्या कपड्यांत धुऊ नका, आणि लहान मुलांना गॅरेजबाहेर ठेवा.

वॅक्स लावताना

कार्नौबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर तयार होतं. मुळात ते फार कडक असतं, म्हणून डबीत ते सॉल्व्हंट आणि तेलांत कालवलेलं येतं. उन्हात तापलेल्या पत्र्यावर लावलं की सॉल्व्हंट झटकन उडतो आणि मागे कडक पापुद्रा उरतो. सावलीत, हाताला गार लागणाऱ्या पत्र्यावर, एकावेळी एकच भाग, आणि थर इतका पातळ की जेमतेम दिसावा. जाड थराने जास्त रक्षण होत नाही, पुसण्याची मेहनत मात्र वाढते.

ताज्या रंगकामावर घाईने वॅक्स नको. रंगातला सॉल्व्हंट बाहेर पडायला वाट हवी. किती थांबायचं ते पेंटरला विचारा. साधारण एक ते तीन महिने सांगतात. पुढे कुठे रंगाची दुरुस्ती करायची असेल तर सिलिकोन असलेली उत्पादनं टाळा, नव्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

मॅट काळ्या भागांना वॅक्स लावायचंच नाही. १९६९ च्या बॉस ३०२ मस्टँगच्या बॉनेटवरचा काळा पट्टा मुद्दाम निस्तेज ठेवलेला आहे. वॅक्स लागलं की चकचकीत डाग पडतात आणि ते सहज निघत नाहीत. त्याच वर्षीच्या जीटीओ ‘जज’च्या पट्ट्या रंगाच्या नसून चिकटवलेल्या आहेत. त्यांच्या कडांवरून मशीन नेऊ नका.

खिडक्यांभोवतीच्या आणि जाळीवरच्या कित्येक पट्ट्या क्रोमच्या नसतात, अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. मेटल पॉलिशने त्यांचा रक्षक थर निघतो आणि मग त्या पांढुरक्या पडतात. त्यांना शाम्पू पुरे. बंपरच्या खऱ्या क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलकेच घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत. क्रोमच्या चाकांवर अ‍ॅसिडचा क्लीनर कधीच नको.

बिघडलंच तर

वॅक्स सुकून निघत नसेल तर नखाने किंवा जोर लावून खरवडू नका. त्याच वॅक्सचा नवा पातळ हात त्यावर द्या आणि लगेच पुसा. नव्यातला सॉल्व्हंट जुन्याला मऊ करतो.

लॅकरच्या भेगांत पांढरं वॅक्स अडकलं असेल तर मऊ केसांच्या ब्रशने थोडं क्विक डिटेलर (फवारून पुसायचं सौम्य क्लीनर) घेऊन काढा. पुढच्या वेळी वाळल्यावर पांढरं न दिसणारं वॅक्स घ्या. भेगा मात्र पॉलिशने जात नाहीत, त्या थराच्या आरपार असतात. गोलगोल चरे उन्हात दिसत असतील आणि रंग पातळ असेल, तर ते तसेच राहू द्यावेत. मूळ रंगावरचे चरे चालतात, उघडा पडलेला प्रायमर चालत नाही.

वॅक्सनंतर काही आठवड्यांतच पुन्हा मळकट छटा आली, तर रंगाला तेल कमी पडलेलं आहे. आधी ग्लेझ, मग वॅक्स, याच क्रमाने पुन्हा करा.

नोव्हेंबरात रस्त्यांवर मीठ पडायच्या आत गाडी धुऊन, पूर्ण सुकवून, वॅक्स करून गॅरेजात ठेवली जाते. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर ओढू नका, आणि प्लास्टिकचं तर मुळीच नको, ओल आत कोंडते. हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या. एप्रिलमध्ये ते काढल्यावर गाडी कोरड्या फडक्याने झटकू नका. आधी पाणी सोडा.