शेततळ्यात मासे सोडण्याआधी एप्रिलचं पाणी मोजा

शेततळ्यात मत्स्यपालन करू पाहणारा नवा माणूस आधी विचारतो, माशांचं बीज (पिल्लं) कुठलं घेऊ? त्याआधी बघायला हवं की एप्रिलमध्ये तळ्यात पाणी किती उरतं. नाशिक-सोलापूरकडची बरीचशी शेततळी द्राक्ष-डाळिंबासाठी खोदलेली. उन्हाळ्यात पाणी बागेलाच जाणार, आणि तेच योग्य आहे. माशांचं गणित त्या पाण्यावर बसवायचं.

३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, १:१.५ उताराचं (१ मीटर खोलीला दीड मीटर आडवा) तळं काठोकाठ भरलं की सुमारे २० लाख लिटर पाणी मावतं. एप्रिलमध्ये पातळी निम्म्यावर आली की मात्र ८ लाख लिटरच उरतं, कारण उतारामुळे तळ जेमतेम २१ बाय २१ असतो. पृष्ठभागही ९०० चौरस मीटरवरून ६५० वर येतो. हेक्टरी ६ हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) धरली तर भरल्या तळ्यात ५४० बसतात, एप्रिलच्या तळ्यात ३९०. बीज घ्यायचं ते ३९० च्या हिशेबानं. जास्त सोडलं की ऐन उन्हाळ्यात सगळेच मासे खुरटतात.

कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यामुळे बीज दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पियूषिका (मेंदूखालच्या) ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवलं. त्याआधी बीज मुख्यतः नदीतून गोळा करावं लागे. आपल्याकडे पाणी आठ-नऊ महिनेच टिकतं, म्हणून मत्स्यजिरे (अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं) किंवा बारीक बीज स्वस्त पडलं तरी घेऊ नका. १०० मिलिमीटरच्या पुढची बोटुकली घ्या. बीजाची पिशवी १५-२० मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा, मग थोडं थोडं तळ्यातलं पाणी आत घेत मासे आपणहून बाहेर पडू द्या. हे काम सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर करावं.

कटला ४०, रोहू ३०, मृगळ ३० टक्के हे नेहमीचं प्रमाण मातीच्या तळ्याचं. मृगळ तळाच्या गाळावर जगतो आणि शेततळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावर गाळ नसतो. तिथे मृगळ कमी करून रोहू वाढवावा, असं आमचं मत.

खाद्य म्हणजे शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात, माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के. समजा ३९० पैकी ३२० मासे जगले आणि ते सरासरी २०० ग्रॅमचे असतील तर वजन ६४ किलो, म्हणजे रोजचं खाद्य दीड किलोच्या आसपास. तळ्यावर आडवा दोर ताणून त्याला खाद्य भरलेली, भोकं पाडलेली गोणी टांगा. बांबू रोवला तर कागद फाटतो.

पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा नुकताच दिसेनासा झाला तर पाणी चांगलं. तो स्वच्छ दिसला तर शेणकाला द्या. मनगटाच्या आतच दिसेनासा झाला तर शेण आणि खाद्य दोन्ही थांबवा. फार हिरवं पाणी रात्रीतून धोक्याचं होतं: अंधारात शेवाळही प्राणवायू खातं, ढगाळ दिवसानंतर तो आधीच कमी असतो, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेऊ लागतात. अशा वेळी औषध शोधत बसू नये. मोटार चालू करून तळ्यातलंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत सोडावं आणि त्या दिवशी खाद्य देऊ नये. हेच हिरवं पाणी ठिबकच्या नळ्याही तुंबवतं, म्हणून सँड फिल्टर (वाळूची गाळणी) वरचेवर उलट्या प्रवाहानं धुवावा. फूटव्हॉल्व्हला (पंपाच्या पाण्यातल्या नळीच्या तोंडाला) बारीक जाळी हवीच, नाहीतर बोटुकली पंपात जाते.

विक्री मार्चपासून टप्प्याटप्प्यानं करावी, मोठे मासे आधी. पातळी उतरली की ओढजाळं सोपं जातं, पण त्याची शिशाची वजनं कागद ओरबाडतात. खालच्या दोराला शिशाऐवजी जाड सुती दोर गुंडाळावा. ओल्या कागदावरून पाय घसरतो, तेव्हा काठावर गाठी मारलेला दोर बांधल्याशिवाय कुणीही आत उतरू नये.