क्लॅरिनेट शिकताना: ध आणि नी यांच्यामधला सांधा

बासरी येत असेल तर क्लॅरिनेट महिन्याभरात येते, असं सांगणाऱ्याने बहुतेक ती अनंत चतुर्दशीला इंदूरच्या झांक्यांपुढे, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांपुढे, बँडवाल्याच्या हातातच पाहिलेली असते. दमसास बासरीवाल्याकडे आधीपासून असतो, हे कबूल. पण बोटांची सवय मात्र आडवी येते.

आधी वाद्य. बी फ्लॅटचीच घ्या, बाकीच्यांच्या भानगडीत पडू नका. हिच्यावर ‘सी’ची बोटं धरली की पेटीची काळी पाच वाजते, हे साथीदाराला आधी सांगून ठेवा. आफ्रिकन ब्लॅकवुडची लाकडी क्लॅरिनेट गोड वाजते, पण आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तिला तडा जाण्याची भीती असते. सुरुवातीला एबीएस प्लॅस्टिकचीच बरी. जुनी घेत असाल तर दुकानात उभ्या उभ्या चाव्या मोजा. पॅरिसच्या क्लोझे आणि ब्युफे यांनी 1844 मध्ये पेटंट घेतलेल्या बोएम पद्धतीच्या नेहमीच्या क्लॅरिनेटला 17 चाव्या आणि भोकांभोवती 6 कड्या असतात. बऱ्याच कमी भरल्या तर ती जुन्या अल्बर्ट पद्धतीची असणार. तिची बोटं वेगळी. ‘सगळ्या सारख्याच हो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.

जोडताना कॉर्कला ग्रीस लावा आणि वरच्या तुकड्यावरच्या कड्या दाबून धरा, म्हणजे दोन तुकड्यांना सांधणारी जोडचावी उचललेली राहते आणि वाकत नाही. रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी, दोन किंवा अडीच नंबरची घ्या, ओली करून माउथपीसच्या टोकाशी काठोकाठ बसवा. वरचे दात माउथपीसवर, खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित दुमडलेला, गाल सपाट. आवाज पहिल्याच दिवशी निघतो, त्याचं फार कौतुक नको.

आता खरी अडचण. ‘सी’ला सा धरू. सा ला डाव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटं. एकेक बोट उचलत रे, ग, म आणि प ला सगळी भोकं मोकळी. ध ला तर्जनीने नुसती वरची ‘ए’ चावी दाबायची. कोमल नी ला तिच्या जोडीला अंगठ्याजवळची रजिस्टर चावी. आणि त्याच्या लगेच पुढचा शुद्ध नी? दोन्ही हातांची सगळी भोकं बंद, करंगळीखाली चावी, शिवाय रजिस्टर. मोकळ्या नळीवरून एका क्षणात पूर्ण बंद नळीवर. हाच तो सांधा. बहुतेक जण इथेच अडकतात, आणि इथेच सगळ्यात वाईट सल्ले मिळतात.

हे असं का, ते समजून घ्या. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि रीडच्या बाजूने बंद असल्यासारखी वागते. बासरी दोन्हीकडून मोकळी, सनई निमुळती. म्हणून तिथे तीच बोटं वरच्या सप्तकात तोच स्वर देतात. क्लॅरिनेटवर सा ची बोटं धरून रजिस्टर चावी दाबली की तार सा नाही, तार प लागतो. ही चावी बसवून शालुमो या जुन्या वाद्यातून क्लॅरिनेट घडवण्याचं श्रेय न्युरेंबर्गच्या डेनरला देतात, साधारण 1700 च्या सुमाराचं. म्हणजे ही अडचण वाद्याच्या जन्मापासूनची आहे. तुमच्या फुंकेत खोट नाही.

म्हणून ‘जोरात फुंक’ आणि ‘ओठ आवळ’ हे दोन्ही सल्ले विसरा. ओठ आवळला की सूर चढतो आणि रीड किंचाळते. सांधा बोटांनी ओलांडायचा असतो.

मंद्र म धरा: सगळी भोकं बंद, उजवी करंगळी चावीवर. लांब सूर लावा आणि बाकी काहीही न हलवता अंगठ्याच्या टोकाने रजिस्टर चावी दाबा. तार सा आपसूक लागायला हवा. चीं असा आवाज आला तर कुठलं तरी भोक नीट झाकलेलं नाही. बोटांच्या पेरांकडे बघा: प्रत्येकावर भोकाचा पूर्ण गोल वळ उठलेला हवा. बहुतेक वेळा गुन्हेगार उजवी अनामिका असते. करंगळी चावीकडे ताणली की ती हळूच उचलली जाते. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका, गुरुजींनी सांगितलं तरी.

मग तार सा वरून ध वर उतरा. बोटं उचलणं झाकण्यापेक्षा सोपं, म्हणून अवरोह आधी. आरोहाची वेळ आली की एक युक्ती: ध वाजत असतानाच उजव्या हाताची तिन्ही बोटं आणि करंगळी आपापल्या जागी ठेवून द्या. ध बिघडत नाही, उलट थोडा भरतो. आता तार सा ला फक्त डावा हात हलवायचा उरतो. तर्जनी उचलून आपटू नका, चावीवरून भोकावर नुसती कलती करा. अंगठा तिरपा ठेवा, म्हणजे भोक झाकतानाच त्याचं टोक चावीला टेकतं. अंगठा सरकवणाऱ्यांची घाई आयुष्यभर ऐकू येते.

सरावाला भूप घ्या. त्यात नी नाही, ध वरून थेट तार सा. सांधा चढताना एकदा आणि उतरताना एकदाच ओलांडावा लागतो. यमनला हात नंतर लावा. मधल्या वेळात कर्नाटक संगीतातले ए. के. सी. नटराजन ऐका आणि त्यांचा सांधा शोधून दाखवा.

इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, जिलबी खाऊन वाजवायला बसायचं असेल तर आधी चूळ भरा, नाहीतर पाक चाव्यांखालच्या पॅडला चिकटतो आणि चाव्या चिकचिक करतात. झालं की नळीतून कापड ओढा, रीड काढून तिच्या डबीत सपाट ठेवा. पावसाळ्यात ओली रीड माउथपीसवर तशीच राहिली तर तिला बुरशी धरते.